काळी वायर

आज साइटवर पॅनेल उघडलं आणि हात आपोआप थबकला. इतकी वर्षं भारतात काळी वायर म्हणजे न्यूट्रल. इथे कॅनडात काळीतच करंट, न्यूट्रल पांढरी आणि अर्थ हिरवी किंवा नुसती उघडी तांब्याची. घरातल्या प्लगला 230 ऐवजी 120 व्होल्ट, 50 च्या जागी 60 हर्ट्झ. नियम पाठ होतात हो, हाताला लागलेलं वळण लवकर जात नाही. म्हणून टेस्टर लावल्याशिवाय मी कशालाच शिवत नाही. फोरमन हसतो. हसू दे बापडा.

स्क्रूसुद्धा चौकोनी खाचेचे! पण खरं सांगू, त्यावरून स्क्रूड्रायव्हर घसरत नाही, एका हाताने काम होतं. हे मात्र मनापासून आवडलं.

कागदोपत्री मी सध्या अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ कामगार. केस पिकलेला अप्रेंटिस! इथे ऑन्टारिओ प्रांतात परवाना नसलेल्या इलेक्ट्रिशियनला अप्रेंटिस म्हणूनच काम करता येतं. परवान्यासाठी आधी अनुभवाची तपासणी, मग परीक्षा, पास व्हायला 70 टक्के. बराच भर इथल्या इलेक्ट्रिकल कोडवर, म्हणजे वायरिंगच्या नियमावलीवर. जाचक वाटतं, पण आगीशी खेळ आहे, असायलाच हवं.

कुणी या वाटेला निघणार असाल तर जुन्या मालकांकडून अनुभवाची पत्रं आत्ताच घेऊन ठेवा. 'काम समाधानकारक' एवढ्याने भागत नाही; कोणतं काम, किती तास, सगळं लेटरहेडवर हवं. माझे एक कंत्राटदार तर आता फोनच उचलत नाहीत!