बाई, तो शब्द कशाला?

"बाई, सरळ उधाण म्हणा ना, सिझिजी कशाला?" मुलं विचारतात, पालक विचारतात, शाळेत तपासणीला आलेले साहेबही विचारतात. परीक्षेला तो शब्द येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी भरती-ओहोटीचा धडा आला की मी तो फळ्यावर लिहिते. आजवर "असू दे, माहिती म्हणून" एवढंच म्हणत आले. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

उधाण आणि सिझिजी एक नव्हे. उधाण पाण्याला येतं. सिझिजी वर आकाशात होते. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत येतात, अमावास्येला नाहीतर पौर्णिमेला, ती सिझिजी. हे दोन वेगळे आहेत हे मला कळेपर्यंत आमचं दीड एकर भात गेलं होतं.

शब्द मला रत्नागिरीला कॉलेजात असताना भेटला. एस, वाय, झेड, वाय, जी, वाय. सहा अक्षरांत तीन वाय, आणि ए, ई, आय, ओ, यू यांतलं एकही नाही. शब्दकोशात पाहिलं तर मूळ ग्रीक निघालं. 'सिन्' म्हणजे सोबत, 'झिगॉन' म्हणजे जू. लॅटिनमधून तो सतराव्या शतकात इंग्रजीत आला. आणि ग्रीक झिगॉन, संस्कृत युग, दोन्ही एकाच मुळाचे. त्या युगाचंच मराठीत जू झालं. आमच्या पडवीत आढ्याला जू टांगलेलं असायचं, शिवळांची भोकं झिजून लांबट झालेली. सुट्टीत घरी आले तेव्हा त्याच्याकडे मी किती वेळ बघत बसले होते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी वर्गात ठणकावून सांगायचे, ग्रीकांनी हा शब्द आपल्याकडून नेला. ते चूक होतं. कुणी कुणाकडून नेला नाही, दोघे चुलत भाऊ आहेत. त्या बॅचेसच्या मुलांची मी माफी मागते.

हाच शब्द पुढे गणितातही गेला, इंग्रज गणिती सिल्व्हेस्टर यांनी 1853 च्या निबंधात तो वापरला. जीवशास्त्रातला झायगोट, म्हणजे फलित अंडं, त्याच झिगॉनचा, आणि आपण त्याला युग्मज म्हणतो, म्हणजे तिथेही जू आहेच. असो.

आमची शेती दाभोळच्या खाडीकाठी, खाजणातली. खाडी आणि भात यांच्यामध्ये मातीचा बांध, त्याला पाणी सोडायची उघाडी. कुर्ल्या बांध पोखरतात, म्हणून मोठ्या उधाणाला आबा रात्री कंदील आणि फावडं घेऊन बांधावर बसायचे. अमावास्येपासून तीन रात्री. त्यांना कारण विचारलं तर म्हणायचे, "पाणी सावकाश चढतं."

त्या वर्षी सर्वपित्रीला मी घरी होते. सप्टेंबर संपत आलेला, दिवस-रात्र सारखे व्हायच्या सुमाराची अमावास्या, म्हणजे वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी एक. भात निसवून दाण्यात दूध भरत होतं. मी आबांना कागदावर आकृती काढून दाखवली. भरती आणण्यात सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून कमी, पण आज दोघे एका जुवाला लागलेत, तेव्हा आजची रात्र सांभाळली की झालं. आबांनी आकृती पुष्कळ वेळ बघितली. मुलगी शिकली याचा त्यांना अभिमान होता, तो मला दिसत होता, आणि मला तो आवडत होता.

अमावास्येची रात्र नीट गेली. दुसऱ्या दिवशी घट बसले, आबा रात्री घरीच राहिले, काही झालं नाही. द्वितीयेला मध्यरात्र उलटल्यावर शेजारचे काका हाका मारत आले. आम्ही पोचलो तेव्हा उघाडीजवळ बैलगाडीएवढं खिंडार पडलं होतं. आबा आत उतरले, छातीएवढ्या पाण्यात. मी पेंढा आणि चिखलाचे गोळे देत राहिले, आणि दिलेला प्रत्येक गोळा विरघळून जात राहिला. कंदिलाच्या उजेडात पाणी भातात शिरताना आवाजसुद्धा करत नव्हतं. आठवड्याभरात लोंब्या पांढऱ्या पडल्या. मीठ उतरायला पुढचे दोन पावसाळे गेले.

महासागराचं पाणी, तळाची खोली, किनाऱ्याचा आकार, या सगळ्यांमुळे समुद्र आकाशाच्या मागे राहतो. सिझिजीनंतर एक-दोन दिवसांनी उधाण सर्वांत चढतं. माझ्या पुस्तकात हे पुढच्याच पानावर होतं.

शब्दाचा दोष नव्हता, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. शब्द आकाशाबद्दल बोलत होता, पाण्याबद्दल मी बोलले. हे खरं आहे. पण तो शब्द इतका देखणा नसता तर मी आबांना आकृती काढून दाखवली असती का? माहीत नाही. भाऊ म्हणतो, आबांच्या अंगात तेव्हा कणकण होती, ते तसेही गेले नसते. आई म्हणते, कणकण दिवाळीत होती. आबांनी त्या रात्रीबद्दल मला कधी एक शब्द विचारला नाही, आणि आता ते नाहीत.

तर मुलांकडून मी एवढंच करून घेते. फळ्यावर सिझिजीची तारीख, आणि जेटीच्या पायऱ्यांवर खडूची खूण, रोजचं पाणी कुठवर आलं त्याची. पाच दिवस. खडू पुसला जातो, मग ती कोळसा आणतात.