कामिनो राहू दे, विरार लोकल पकड

हल्ली माझ्या ओळखीतलं कोणी ना कोणी स्पेनला जाऊन कामिनो, म्हणजे सांतियागोच्या चर्चपर्यंतची पायी यात्रा, चालून आलेलं असतं. सॅकला लटकवलेला शिंपला, पायाच्या फोडांचे फोटो, खाली लांबलचक कॅप्शन, सगळं बघून झालं की मला वाटतं अरे गावागावातल्या चर्चेसमधून एकट्याने चालायचंच आहे ना, मग वसईने काय घोडं मारलंय. शेंगेन व्हिसा नको, महिनाभर रजा नको, वसई रोडला उतरायचं, किल्ल्यापर्यंत रिक्षा आणि तिथून उत्तरेला आगाशीपर्यंत चालत सुटायचं. पंधरा-वीस किलोमीटर होतात, तुम्ही आडवंतिडवं किती शिरता त्यावर. ही काही ऑफिशियल यात्रा नाही हं, कामिनोसारखे वाट दाखवणारे पिवळे बाण नाहीत, शिक्के मारायची वही नाही. मी ठाण्याची, घरी गौरी-गणपती, त्यामुळे "तुझं काय काम तिकडे" हे आईनेच विचारून घेतलं. पण ऑफिसमधली एक मैत्रीण याच वाटेवरच्या नंदाखाल गावची आहे, तिला एकदम पटलं. तिने अट एकच घातली, मेन रोडने जायचं नाही, वाड्यांमधून जायचं.

गेले ते उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीचे ४० दिवस असतात त्यात, आणि मधल्याच वारी. मुंबईतले बरेच कॅथलिक पवित्र आठवड्यात सात चर्चेसना भेट द्यायची पद्धत पाळतात, मूळ प्रथा रोमची, १६व्या शतकात फिलिप नेरी नावाच्या संताने ती रुळवली. मी सात वगैरे मोजायच्या भानगडीत पडले नाही.

किल्ल्यात सकाळी सातला पोचले तेव्हा एक प्री-वेडिंगवाली गँग आधीच हजर होती, वधू लाल गाऊनमध्ये, फोटोग्राफर झाडावर. त्यांना वळसा घालून सेंट जोसेफच्या मनोऱ्यापाशी गेले. छप्पर नाही, समोरची भिंत आणि मनोरा तेवढा ताठ उभा. वर जायला गोल जिना आहे, अंधारा आणि पारव्यांच्या मालकीचा, मी निम्म्यातून परत फिरले. पण तिथे उभं राहिल्यावर मेणवली आठवलीच. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे ना, त्याच्या मागे घाटावर एक भलीथोरली घंटा टांगलीय, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरियम आणि १७०७ साल. ती इथल्या मोहिमेतली. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, ती मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी घेतली आणि चर्चेसच्या घंटा उतरवून देशावर नेल्या, नाशिकला नारोशंकराच्या देवळातही एक आहे. लहानपणी मेणवलीला ती घंटा बघितली तेव्हा कोणीतरी "पोर्तुगीजांची" एवढंच सांगितलं होतं. आता ती जिथून उतरवली ती रिकामी जागा कुठेतरी याच भागात असणार, नक्की कुठल्या मनोऱ्यातली ते काही मला लागलं नाही. मला यात अभिमान वाटावा की वाईट वाटावं ते ठरेना, दोन्ही वाटलं, आणि मग भूक लागली.

पापडीला वडापाव. पापडी म्हणजे बाजार, आणि बाजाराच्या गजबजाटात कॅथेड्रल, कृपामातेचं. १९९८ पर्यंत वसई मुंबईच्या धर्मप्रांतात होती, मग वेगळा वसई धर्मप्रांत झाला आणि हे त्याचं मुख्य चर्च. सकाळची मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, आटोपली होती, आत दोनचार बायका माळ म्हणत बसल्या होत्या, मराठीत. सगळं मराठीत आहे इथे, प्रार्थना, गायनं, फळ्यावरच्या सूचना, "अमुक तारखेपर्यंत नावं द्यावीत" टाइप. मुंबईतल्या इंग्लिश चर्चेसची सवय असेल तर दोन मिनिटं गोंधळायला होतं. मी मागच्या बाकावर बूट सैल करून बसले, कोणी काही बोललं नाही.

पापडी सोडलं की मैत्रिणीचं का ऐकायचं ते कळतं. मेन रोडला फूटपाथ नावालाच, डंपर अंगावर येतात. आत वळलात की केळी, पानवेली, तगर-मोगऱ्याचे मळे, आणि बंगल्यांच्या गेटवर मराठीत नावं, डाबरे, लोपीस, तुस्कानो, मच्याडो, मध्येच एक वर्तक नाहीतर म्हात्रे. तिठ्यावर क्रूस, त्याला झेंडूचा हार, खाली मेणाचा वितळलेला थर. आणि बावखलं! वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं म्हणजे बावखल. पावसाचं पाणी त्यात साठायचं, जमिनीत मुरायचं, त्याच्या जोरावर विहिरी गोड राहायच्या आणि विहिरीवरचा रहाट बैल नाहीतर रेडा फिरवायचा. मग शहर वाढलं, टँकरवाल्यांनी बेसुमार उपसा केला, खाली समुद्र शेजारीच असल्यामुळे खारं पाणी आत यायला लागलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईवाल्यांचं आंदोलन होतं ते यासाठीच, आपण त्यांना २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ओळखतो पण वसईत आधी हे आठवतं. मला जी बावखलं दिसली त्यातल्या एकावर हिरवी शेवाळ, एकात बदकं, आणि एकात अर्ध्यापर्यंत डेब्रिज टाकून वर "प्लॉट विकणे आहे" चा बोर्ड. जुलै २०१८ मध्ये वसई कित्येक दिवस पाण्यात होती ते टीव्हीवर बघितलंय ना सगळ्यांनी? पाणी जाणार कुठे, त्याच्या जागेवर बोर्ड लागलाय.

आता एकट्याने चालण्याबद्दल. वारीत दिंडी आपल्याला पुढे ढकलत नेते, कोण कुठला कोणी विचारत नाही, माऊली म्हटलं की झालं. इथे उलट, इथे एकटं चालताच येत नाही. दर दुसऱ्या कुंपणापलीकडून प्रश्न येतो, "कोणाकडे आलात?" लाल लुगड्यातली एक आजी पानं खुडता खुडता थांबली आणि इथल्या सामवेदी बोलीत काहीतरी विचारलं, निम्मं कळलं, निम्मं अंदाजाने. मी म्हटलं आजी कोणाकडे नाही, चर्च बघत चाललेय, निर्मळला. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.
"चालत? का, बस बंद हाय?"
"नाही, बस आहे. चालतच जायचंय."
"नवस हाय का?"
नाही म्हटल्यावर तिचा माझ्यातला इंटरेस्ट जो संपला तो संपला. पुढच्या घरी मी सरळ "हो, नवस आहे" सांगून टाकलं, तर पाणी मिळालं, वर खुर्चीही मिळाली. कसला नवस ते मात्र विचारलं नाही, तेवढा शिष्टाचार आहे.

निर्मळला पोचले तेव्हा ऊन मी म्हणत होतं. निर्मळची गंमत अशी की इथे एका शंकराचार्यांची समाधी, विमलेश्वराचं देऊळ, तळं आणि पवित्र क्रूसाचं चर्च, सगळं हाकेच्या अंतरावर. कार्तिकात जत्रा भरते, तेव्हा सुकेळी घ्यायला अख्खी वसई लोटते, हिंदू काय ख्रिश्चन काय. सुकेळी म्हणजे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, मधासारखी तपकिरी होतात, वरून केळीच्याच सोपटात बांधलेली. मला एका टपरीवर मिळाली, भाव ऐकून दचकले, पण वाळवायला किती दिवस लागतात ते बाईंनी सांगितल्यावर गुपचूप पैसे दिले. तळ्याकाठी बसून दोन खाल्ली. समोर देवळाचा कळस आणि झाडांमागे चर्च. पोर्तुगीजांच्या काळात इथली देवळं पडली, मराठे आल्यावर परत उभी राहिली, त्या काळात लोकांनी काय काय भोगलं असेल ते असो, आत्ता जत्रेत शेजारी शेजारी दुकान लावतात.

यापुढच्या एका चर्चला कुलूप. दुपारी बारा ते चार असंच असणार हे लक्षात ठेवा, ही टुरिस्ट स्पॉट नाहीत, गावाची चर्चेस आहेत, फादरही माणूस आहे, जेवणार, झोपणार. मी पायरीवर बसून राहिले. बाजूला शाळा, पलीकडे बँक. बॅसीन कॅथलिक बँक १९१८ पासूनची आहे बरं, वसईत चर्चच्या अंगणातून शाळा, पतपेढी, सगळं कसं वाढत गेलं ते असं पायरीवर बसलं की दिसतं. शाळा सुटली आणि दहा मिनिटं नुसता कल्लोळ.

नंदाखालला मैत्रिणीची आई वाटेवरच उभी होती, म्हणजे तिने फोन केलाच होता. पवित्र आत्म्याचं चर्च मोठं आहे, आत भिंतींवर क्रूसाच्या वाटेची १४ चित्रं, उपवासकाळात शुक्रवारी लोक त्या प्रत्येक चित्रापुढे थांबून प्रार्थना करतात. मावशी मला एकेका चित्रापाशी घेऊन गेल्या, सहाव्यापाशी, जिथे वेरोनिका येशूचं तोंड पुसते तिथे, जरा जास्त थांबल्या, पदराने चौकटीवरची धूळ पुसली आणि पुढे गेल्या. मग घरी जेवण. उपवासकाळ म्हणून घरात मटण बंद, तरी माझ्यासाठी कोलंबी केलीच.

त्यानंतर आगाशीपर्यंत मी चालले की लोळत गेले सांगता येणार नाही. आगाशीचं सेंट जेम्सचं चर्च बघितलं, बाहेरूनच जास्त, पाय बोलत होते. तिथून विरारला बस.

मैत्रिणीचा दुसऱ्या दिवशी शेरा, "गास सोडलंस म्हणजे अर्धंच झालं." बरोबर आहे तिचं. गासचं चर्च गोन्सालो गार्सियाचं, वसईत जन्मलेला मुलगा, आई इथली, बाप पोर्तुगीज, जपानला गेला, व्यापार केला, फ्रान्सिस्कन संन्यासी झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रूसावर मारला गेला. १८६२ मध्ये संत, भारतात जन्मलेला पहिला. तेव्हा पुढच्या वेळी नालासोपाऱ्याला उतरून आधी सोपाऱ्याचा स्तूप (१८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी उकरला तो), मग गास, मग निर्मळ असा बेत आहे. कोणाला बरोबर यायचं असेल तर कृपया येऊ नका, वेगळा दिवस बघा. आणि कोणी विचारलं तर नवस आहे म्हणून सांगा.