एक जूनवाल्यांचा वर्ग

आमच्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलांची जन्मतारीख 1 जून होती. घरी कुणी तारीख टिपून ठेवलेली नसायची, मग पहिलीत नाव घालताना गुरुजीच ती लिहून टाकत. नववीत गणिताच्या सरांनी सांगितलं, की 23 जण जमले तर त्यातल्या दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. लगेच त्यांनी विचारलं, "हे गणित आपल्या वर्गाला लागू पडतं का रे?" नाही पडत. तारखा वर्षभर सारख्या प्रमाणात विखुरलेल्या आहेत असं धरून तो 23 चा आकडा काढलेला असतो; आमच्या वर्गात तर त्याहून कमी मुलांतही जोडी सापडली असती.

इंजिनिअरिंगला हॅश टेबल शिकताना मला सरांचा तो तास जसाच्या तसा आठवला. हॅश टेबल वापरणारा संगणक लाखो नावांतून एक नाव ओळीने शोधत बसत नाही. नावाच्या अक्षरांवरून तो एक संख्या काढतो, तिला कप्प्यांच्या संख्येने भागतो आणि बाकी येईल त्या कप्प्यात थेट जातो. आयबीएम या संगणक कंपनीतल्या हान्स पीटर लून यांनी 1953 मध्ये ही कल्पना मांडली. दोन नावं एकाच कप्प्यात आली, तर त्यांची साखळी करायची, हेही त्यांनीच सुचवलं होतं. अशी टक्कर व्हायचीच. तिची तरतूद आधीपासून करून ठेवणं मला फार सुंदर वाटतं.

जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेतली टक्कर वहीवर करून पाहता येते. दोन अक्षरांच्या शब्दात पहिल्या अक्षराच्या युनिकोड क्रमांकाला (संगणकात प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेल्या क्रमांकाला) 31 ने गुणून दुसऱ्याचा क्रमांक मिळवायचा. 'यश'चे 2351 × 31 + 2358, म्हणजे 75239. 'रग'चे 2352 × 31 + 2327, तेही 75239! कप्पे 16 असोत की 16 हजार, हे दोघे एकत्रच.

असे हजारो शब्द मुद्दाम जुळवून पाठवले, तर सगळे एकाच साखळीत अडकतात आणि सर्व्हर रखडतो, हे डिसेंबर 2011 मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत दाखवलं गेलं. तो तर सगळा 1 जूनचाच वर्ग! पुढे पायथॉन या दुसऱ्या भाषेने हिशेबात दर वेळी बदलणारी गुप्त संख्या मिसळायला सुरुवात केली. जावाने 2014 मध्ये लांबलेल्या साखळीचं झाड करायची, म्हणजे नावं फांद्याफांद्यांत क्रमाने लावायची सोय आणली, म्हणजे शोध पुन्हा झटपट.

शाळेतल्या आजच्या मुलांसाठी एक गणित देतो. श आणि ग यांच्यात 31 चं अंतर आहे; ह आणि च, व आणि ख यांच्यातही तेवढंच. शब्दांची पहिली अक्षरं मात्र य आणि र यांच्यासारखी लागोपाठच्या क्रमांकांची हवीत. अर्थ असलेल्या शब्दांची आणखी एखादी जोडी सापडते का, बघा. सापडली तर मला जरूर कळवा.