मार्शमेलो, गेटर आणि आबा: ओकेफेनोकीच्या दलदलीतली केबिन

आधी मुद्द्याचं सांगते. जंगली जनावराला खायला टाकणाऱ्या माणसांचा मला भयंकर राग येतो, आणि यावेळी तो राग घेऊनच अटलांटाला परत आलेय, म्हणून हे लिहायला बसले. बाकी ट्रिप अतिशय सुंदर झाली, पण तेही जमेल तसं सांगते.

मुलाच्या स्प्रिंग ब्रेकमध्ये आम्ही जॉर्जियाच्या दक्षिण टोकाला ओकेफेनोकीला गेलो होतो. चार लाख एकरांहून मोठी दलदल आहे ही, जवळजवळ सगळीच १९३७ पासून राखीव अभयारण्य आहे. आत पश्चिमेच्या बाजूने स्टीफन सी. फॉस्टर स्टेट पार्क आहे आणि तिथे राहायला केबिन मिळतात. आय-७५ ने मेकन, टिफ्टन, वाल्डोस्टा, मग फार्गो नावाचं अगदी छोटं गाव, आणि फार्गोनंतर सतरा-अठरा मैल दोन्ही बाजूंना झाडं आणि पाणी याशिवाय काहीही नाही. फोनची रेंज जाते ती जातेच. रात्री दहाला पार्कचं गेट बंद होतं ते सकाळी सातला उघडतं, त्यामुळे दूध-भाजी-कांदे सगळं वाल्डोस्टातच घेऊन ठेवलं होतं. आत गेल्यावर आपण आणि दलदल.

सोबत आबा होते. आबा म्हणजे माझे वडील, मार्चमध्ये आलेत सांगलीहून. आमचं गाव कृष्णाकाठी, भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात, मळीची म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या जमिनीतली शेती. त्या पट्ट्यात नदीला मगरी आहेत आणि त्या काही आजच्या नाहीत, तिथे माणसंही गेलीत आणि जनावरंही गेलीत. मोटर चालू करायला नदीवर जाताना आधी काठ बघायचा, मग पाणी बघायचं, मग उतरायचं, हे आम्हाला लहानपणीच शिकवलं होतं. त्यामुळे नवऱ्याने जेव्हा विचारलं की आबांना दलदलीत न्यायचं का, झेपेल का, तेव्हा मी म्हटलं की आपल्या सगळ्यांपेक्षा त्यांनाच जास्त झेपेल.

केबिन लाकडी, साधी, स्वच्छ. पुढे जाळीचा पोर्च. मला हॉटेलच्या गुबगुबीत गाद्यांपेक्षा असा जाळीचा पोर्च शंभर वेळा जास्त आवडतो, डास बाहेर आणि आपण आत, आणि सगळे आवाज मात्र आत येतात. संध्याकाळी हरणं अगदी अंगणात चरत होती. बोटीचा धक्का केबिनपासून चालत जाण्याइतका जवळ, आणि तिथे पहिल्याच संध्याकाळी गेटर, म्हणजे अ‍ॅलिगेटर, मगरीच्या जातकुळीतलं इथलं जनावर, दिसले. एक काठावर उन्हाला पडलेला, दोन पाण्यात नुसते डोळे आणि नाकाचा शेंडा वर ठेवून. पाणी इथलं कोऱ्या चहासारखं, तपकिरी आणि तरी स्वच्छ, कुजलेल्या पाल्यातलं टॅनिन उतरतं म्हणून. त्याच्यात गेटर तीन फुटांवर असला तरी बुडाला की दिसत नाही. म्हणून इथे पोहायला बंदी आहे, आणि कुत्रा तर स्वतःच्या बोटीतसुद्धा न्यायचा नाही असा नियम आहे. काही लोक यावर कुरकुरत होते. मला तो नियम शंभर टक्के पटला. गेटरला कुत्रा म्हणजे त्याच्या नेहमीच्या शिकारीच्या मापाचं जनावर, त्यात त्याचा काय दोष.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी आबा उठून पोर्चमध्ये बसलेले, मी चहा टाकत होते, आणि लांबून एक आवाज आला. आधी मला वाटलं कुणीतरी जड मोटरबोट चालू करतंय. पण इथे दहा हॉर्सपॉवरच्या वरची मोटर लावायलाच परवानगी नाही. मग दुसऱ्या बाजूने तसाच आवाज, मग तिसरा, आणि जाळी बारीक थरथरल्यासारखी वाटली. आबा म्हणाले, "अगं, ही जनावरं ओरडत्यात." चहा तसाच ठेवून आम्ही धक्क्यावर गेलो.

हे दृश्य मी कधी विसरणार नाही. मोठा नर, डोकं वर, शेपटी वर, मधलं अंग पाण्याखाली, आणि आवाज निघायच्या अगदी आधी त्याच्या पाठीवरचं पाणी थेंबाथेंबाने वर उडायला लागतं. तो आधी जो आवाज काढतो तो इतका खालचा असतो की आपल्या कानाला ऐकूच येत नाही, पाण्याला मात्र कळतो. नंतर ती घनगंभीर गर्जना. मादीपण ओरडते, पण पाणी असं नाचवतो तो नरच. वसंतात विणीच्या आधी हे चालतं, एकाने सुरू केलं की दलदलीतले बाकीचे उत्तर देत जातात. आबा म्हणाले की आपल्या मगरी असं सगळ्या मिळून ओरडताना त्यांनी उभ्या आयुष्यात ऐकलं नाही. माझे सत्तरी ओलांडलेले वडील रेलिंगला धरून अक्षरशः डोळे भरून बघत होते, आणि मला त्यांना इथे आणल्याचा इतका आनंद झाला की काय सांगू.

बोटीने बिलीज लेक आणि बिलीज आयलंड केलं. या बेटावर शंभर वर्षांपूर्वी लाकूडतोडीचं अख्खं गाव होतं, दलदलीतून रेल्वे टाकून मोठमोठे सायप्रस कापून नेले, आता जंगलात गंजलेलं लोखंड उरलंय. त्याच्याही आधी, १८९१ मध्ये, एका कंपनीने कालवा खणून सगळी दलदलच उपसून शेतजमीन करायचा घाट घातला होता, तो फसला. फसला म्हणून आज हे आहे. ट्रिपचं बाकीचं सगळं छान होतं, रात्रीचे तारे तर केवळ, आता मी मूळ गोष्टीवर येते.

धक्क्याच्या थोडं पुढे, कालव्याच्या कडेला एक मादी होती. सहा-साडेसहा फुटी असेल. तिच्या आजूबाजूला गेल्या वर्षीची पिल्लं, हातभर लांबीची, काळ्या अंगावर पिवळे पट्टे. पिल्लं वर्षभर, कधी त्याहूनही जास्त, आईजवळच राहतात. एक पिल्लू तिच्या पाठीवरच चढून बसलं होतं. मधूनच ती पिल्लं चिरकल्यासारखा आवाज करायची आणि ती जरा मान फिरवायची. आमच्या आणि तिच्या मधे चांगलं अंतर होतं, आम्ही लाकडी पुलावर, आणि ती शांत होती. आबा माझ्या मुलाला सांगत होते की आपल्याकडची मगर फेब्रुवारी-मार्चमध्ये काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, मळीत काम करताना त्यांनी तशी अंडी बघितलीत, पिल्लं आतून आवाज द्यायला लागली की आई उकरते आणि तोंडात धरून पाण्यात सोडते. ही इथली खड्डा करत नाही, पालापाचोळा आणि चिखलाचा ढीग रचते आणि त्यात अंडी पुरते, कुजणाऱ्या पाल्याच्या उष्णतेवर ती उबतात, आणि ढिगात ऊब किती यावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं. पण तोंडात धरून पाण्यात नेणं तेच. मुलगा एकदा आबांकडे बघतोय, एकदा मादीकडे.

आणि तेवढ्यात पाण्यात काहीतरी पांढरं पडलं.

एक कुटुंब होतं, धक्क्यावर उभं, मार्शमेलोची, म्हणजे साखरेच्या मऊ पांढऱ्या गोळ्यांची, पिशवी हातात, बाप आणि दोन मुलं, आणि बाप मुलांना शिकवत होता कसं फेकायचं. मार्शमेलो तरंगतो, पांढरा दिसतो, समोरचा एक मध्यम आकाराचा गेटर सरळ वळून त्यांच्याकडे निघाला. मुलं किंचाळून खूष. दुसरा टाकला, अजून जवळ. तिसरा मुद्दाम धक्क्याच्या अगदी पायाशी टाकला, फोटो जवळून मिळावा म्हणून. आबांना इंग्रजी येत नाही पण त्यांना काय चाललंय ते माझ्याआधी कळलं. "ताई, त्यांना सांग जा. आत्ताच्या आत्ता सांग. लहान लेकरं हाईत त्यांच्याजवळ."

मी गेले. नीट, शांतपणे सांगितलं की इथे खायला टाकायला बंदी आहे, पाटी तुमच्या मागेच आहे. तो माणूस हसला. म्हणाला एवढ्याशाने काय होतंय, बघा ना त्याला आवडतंय, लुइझियानाला टूरवाले स्वतः टाकतात. हे मात्र खरं आहे, तिकडे काही टूरवाले मार्शमेलो टाकूनच गेटर बोटीपाशी बोलावतात, आणि त्यांचं बघून लोक हेच शिकून येतात. मला त्याच्या हसण्याचा इतका संताप आला की माझा आवाज चढला, आणि चढला ते बरंच झालं, कारण पार्कची रेंजर तो ऐकूनच आली.

तिने आधी मुलांना मागे घेतलं, मग पिशवी बंद करायला लावली. ती ओरडली नाही. पण तिने जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लक्षात ठेवलंय. गेटर मुळात माणसाला टाळतो. त्याला दोन-चार वेळा खायला मिळालं की त्याच्या डोक्यात माणूस आणि खाणं एकत्र बसतं, मग उद्या कुणी कॅनू लावायला वाकलं, कुणी पाण्यात हात धुतला, की तो येणार, कारण माणूस आला की काहीतरी पडतं हे तो शिकलाय. मग तक्रार होणार, ट्रॅपर म्हणजे गेटर पकडणारा माणूस येणार, आणि गेटर मारला जाणार. दुसरीकडे नेऊन सोडला तर तो बऱ्याचदा पुन्हा आपल्या जागी परत येतो, म्हणून मोठा, माणसाला सोकावलेला गेटर सोडून देत नाहीत. इकडे म्हणच आहे, खायला घातलेला गेटर म्हणजे मेलेला गेटर. त्या माणसाचा चेहरा तेव्हा जरा उतरला. मोठ्या मुलाने विचारलं की हा गेटर मरणार का. त्याला कुणीच उत्तर दिलं नाही आणि मला त्या पोराचं फार वाईट वाटलं, त्याच्या हातात पिशवी त्याच्या बापानेच दिली होती.

परत येताना मी आबांना रेंजरचं सगळं मराठीत सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आपल्याकडं तरी काय येगळं हाय. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या नदीत टाकत्यात, मेलेलं वासरू नदीत टाकत्यात, आन् मग म्हणायचं मगर घाटावर यायला लागली. काठाला ती उगंच येत न्हाई. आपणच बोलावतो तिला." मग ते गावातल्या एकेका जागेची नावं घेऊन सांगत राहिले, कुठे काय टाकतात, आणि कुठे पूर्वी मगर दिसत नव्हती आणि आता दिसते.

मी यावर खूप विचार केलाय. गेटरची कातड्यासाठी एवढी शिकार झाली होती की १९६७ मध्ये त्याला नामशेष होऊ घातलेल्यांच्या यादीत टाकावं लागलं. शिकार बंद केली, जागा राखली, आणि १९८७ मध्ये तो पूर्ण सावरला असं जाहीर झालं. आपल्याकडेही १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १९७५ मध्ये मगर प्रकल्प सुरू झाला, म्हणून आज कृष्णेत मगर आहे. कायद्याने दोन्हीकडे जनावर वाचलं. पण त्याच्या शेजारी राहायचं कसं हे कायदा शिकवत नाही, ते घरातल्या मोठ्यांनीच शिकवावं लागतं, जसं आबांनी मला शिकवलं, आणि त्या धक्क्यावर एक बाप आपल्या लेकरांना नेमकं उलटं शिकवत होता. माझा राग त्यासाठी आहे. गेटर दुष्काळात चिखल उकरून डबकी राखतो, त्या डबक्यांवर मासे, कासवं, पक्षी सगळे जगतात, एवढं काम करणारं जनावर एका फोटोसाठी मरावं हे मला सहन होत नाही.

एक चांगली गोष्टही सांगते. दलदलीच्या पूर्वेला ट्रेल रिज म्हणून उंचवटा आहे, तिथे टायटॅनियमसाठी खाण काढायचं कित्येक वर्षं चाललं होतं, आणि दलदलीचं पाणी त्याने खाली जाईल म्हणून लोक विरोध करत होते. २०२५ मध्ये एका संवर्धन संस्थेने जवळपास आठ हजार एकरांची ती जमीनच सुमारे सहा कोटी डॉलर देऊन विकत घेतली. त्या रात्री पोर्चमध्ये पिठलं-भात खाताना आबांना हे सांगितलं तर त्यांनी दोनदा विचारलं, जमीन विकत घेऊन तशीच ठेवली? तशीच? मी म्हटलं हो आबा, तशीच.

तुम्हाला जायचं असेल तर एप्रिल गाठा, केबिन खूप आधी बुक करा, स्प्रिंग ब्रेक सोडून दुसरा आठवडा मिळत असेल तर तो घ्या कारण आमच्या वेळी गर्दी नको तेवढी होती. पाण्याच्या काठाशी संध्याकाळनंतर रेंगाळू नका, आणि चिप्सचं पाकीटसुद्धा धक्क्यावर उघडू नका.

आबांचं आता एकच चाललंय. रेंजरने सांगितलं की ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अंडी फुटतात, नशीब असेल तर मादी पिल्लं तोंडात घेऊन जाताना दिसते, आणि त्यांना ते बघायचंय. त्यांचा सहा महिन्यांचा मुक्काम नेमका सप्टेंबरच्या सुरुवातीला संपतो. आई तिकडून फोनवर विचारतेय की शेत कोण बघणार. मी काल रात्री मुदतवाढीचा आय-५३९ फॉर्म उघडला आणि ऑगस्ट अखेरची केबिन पण शोधायला घेतलीय, आधी काय मिळतंय बघू.