तुम्ही विचारलंत म्हणून: सेंट क्रॉयचा तो रूट

गेल्या दोन वर्षांत मला किमान वीस जणांनी विचारलंय, "अगं, तो तुमचा सेंट क्रॉयचा ड्रायव्हिंग रूट पाठव ना, गुगल मॅप्सची लिंक असेल तर बेस्टच." सेंट क्रॉय म्हणजे कॅरिबियनमधलं अमेरिकेचं एक बेट. इथे न्यू जर्सीत मंडळाच्या गणपतीत विचारतात, हळदीकुंकवाला विचारतात, नाशिकहून आईच्या भिशीतल्या काकू विचारतात कारण त्यांचा भाचा अटलांटाला असतो. मी "हो हो, पाठवते" म्हणते आणि पाठवत नाही. मग लोकांना वाटतं ही शिष्ट आहे, एवढं काय त्या रूटमध्ये, सोनं पुरलंय का. परवा एकीने तोंडावरच म्हटलं, म्हणून आता सांगून टाकते.

पहिली गोष्ट म्हणजे तो रूट माझा नाहीच. सेंट क्रॉय हेरिटेज ट्रेल नावाचा 72 मैलांचा रस्ता आधीपासून आखलेला आहे, नकाशा मिळतो, गाइड लागत नाही, आपली गाडी घ्यायची आणि साखरेचे जुने मळे, किल्ले, पवनचक्क्या, समुद्र असं एकेक बघत जायचं. पाट्या कुठे आहेत, कुठे नाहीत. मी त्यातला अर्धामुर्धाच केला. आणि सेंट क्रॉयच का, तर आईबाबा व्हिजिटर व्हिसावर आले होते, त्यांना कॅरिबियन दाखवायचं तर दुसऱ्या कुठल्या देशाचा व्हिसा काढायची भानगड नको होती, आणि हे बेट 1917 पासून अमेरिकेचं आहे. डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलरचं सोनं मोजून घेतलेलं. (पासपोर्ट मात्र न्या, परत येताना एअरपोर्टवर बघतात. ही तेवढी एक कामाची टीप.)

आता दुसरी गोष्ट, जी मी कुणाला सांगत नाही.

अमेरिकेत सगळीकडे गाडी उजव्या बाजूने चालते, फक्त सेंट क्रॉय ज्यांत येतं त्या व्हर्जिन बेटांवर डावीकडून. आपल्यासारखीच. पण गाड्या सगळ्या अमेरिकेतून येतात, त्यामुळे स्टिअरिंगही डावीकडेच. म्हणजे तुम्ही बसता रस्त्याच्या कडेला, गटाराला चिकटून, आणि शेजारचा माणूस बसतो रस्त्याच्या मधोमध. समोरच्या गाडीला ओव्हरटेक करायचं तर तुम्हाला काही दिसत नाही, त्याला सगळं दिसतं. मी जायच्या आधी मंडळाच्या ग्रुपवर काय लिहिलं होतं माहितीये? "डावीकडून चालवायचंय, आपल्याला तर सवयच आहे, हाहा." हे वाक्य अजून तिथे आहे, मी डिलीट करायला गेले तर वेळ निघून गेली होती. कसली सवय? नाशिकला मी दीड वर्ष स्कूटी चालवली होती, चारचाकी शिकले ती जर्सीत, अकरा वर्षं उजवीकडूनच चालवतेय. सवय मला नव्हती, बाबांना होती.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं, त्यातली बरीचशी कळवण डेपोला. चैत्रात सप्तशृंगगडाच्या यात्रेला नांदुरीच्या घाटातून जादा गाड्या सुटायच्या तेव्हा बाबांना चार-चार दिवस घरी बघायला मिळायचं नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला आहे त्यांना, तो आईने देवघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय. हे मुद्दाम सांगतेय कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

एप्रिल 2023. मी, आई, बाबा आणि माझा लेक, तेव्हा नऊ वर्षांचा. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही. भाड्याची जीप, डॅशबोर्डवर 'कीप लेफ्ट' असं भलंमोठं स्टिकर. बाबा पुढे बसले, म्हणजे उजवीकडे. आणि मला तेव्हा अजिबात लक्षात आलं नाही की ती त्यांचीच सीट होती. रस्ता डावीकडचा, सीट उजवीकडची, एकतीस वर्षं ज्या जागेवरून त्यांनी रस्ता बघितला अगदी तीच जागा, फक्त समोर स्टिअरिंग नव्हतं.

पहिले दोन तास तर मजाच मजा होती. ख्रिश्चनस्टेडचा पिवळा किल्ला बघितला, तिथून सेंटरलाइन रोडला लागलो, आणि बाबा पाट्या वाचायला लागले. तिथे जुन्या मळ्यांची नावंच गावांना राहिलीत आणि ती नावं अशी की विश्वास बसणार नाही. जेलसी, बॅरन स्पॉट, हार्ड लेबर. अपर लव्ह आणि लोअर लव्ह. बाबा म्हणाले, "म्हणजे लव्ह बुद्रुक आणि लव्ह खुर्द," आणि मग कंडक्टरच्या आवाजात, "चला, लव्ह खुर्दवाले उतरून घ्या!" लेक हसून हसून बेजार. एक मुंगूस रस्ता ओलांडून गेलं तर आईने लगेच हात जोडले, शुभ असतं म्हणून, आणि लेकाला शिकवलं, मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ. शपथ लागूही पडली असती, कारण ते मुंगूस मूळचं आपलंच. 1872 मध्ये जमैकातल्या मळेवाल्याने उसातले उंदीर मारायला भारतातून मुंगसं मागवली, तिथून ती या बेटांवर पसरली. उंदीर रात्री फिरतात आणि मुंगूस दिवसा, त्यामुळे दोघांचंही छान चाललंय.

मग व्हिम. एस्टेट व्हिम म्हणजे साखरेच्या मळ्याचं म्युझियम, मालकाचा वाडा, त्याच्याभोवती कोरडा खंदक, बाहेर दगडी पवनचक्की. बाबांनी उसाचे रोलर बघितले आणि म्हणाले, "हा तर चरक. गुऱ्हाळच आहे की हे, फक्त बैलाच्या जागी वारा." आईने विचारलं, आपली माणसं आणली नव्हती का गं इथे उसाला? आणली होती. 1863 साली कलकत्त्याहून एक जहाज भरून, तीनशेवर माणसं, आणि पाच वर्षांचा करार संपल्यावर त्यातली बहुतेक परत गेली. मी हे फोनवर वाचून दाखवत होते, म्हणजे डोकं तिकडे होतं, आणि बोलत बोलतच आम्ही गाडीत बसलो.

आता नीट ऐका, कारण इथेच ते झालं.

व्हिमच्या गेटातून बाहेर पडून फ्रेडरिकस्टेडला जायला डावीकडे वळायचं. डावीकडून चालवत असाल तर यापेक्षा सोपं वळण नाही, नुसतं कडेकडेने वळायचं. पण माझे हात जर्सीचे. जर्सीत डावीकडे वळायचं म्हणजे अलीकडची लेन ओलांडून पलीकडच्या लेनमध्ये जायचं. रस्ता पूर्ण रिकामा होता आणि रिकामा होता म्हणूनच झालं, समोर एखादी गाडी असती तर तिच्या मागे गेले असते. मी दोन्हीकडे व्यवस्थित बघितलं, इंडिकेटर दिला, आणि सावकाश, एकदम कॉन्फिडन्सने पलीकडच्या लेनमध्ये जाऊन चालवायला लागले. बोलतही होते. बाबा म्हणाले, "अगं डावी." मी म्हटलं, "हो, डावीकडेच वळले ना." बाबा म्हणाले, "डावी घे, डावी." आणि समोरून पाण्याचा टँकर. तिथे लोक पावसाचं पाणी घराखालच्या टाकीत साठवतात, टाकी आटली की टँकर बोलावतात, आपल्याकडच्यासारखाच. तो हॉर्न देत होता आणि मला खरंच, अगदी देवाशपथ, वाटत होतं की हा माझ्या लेनमध्ये का येतोय.

बाबांनी स्टिअरिंगला हात घातला आणि खेचलं. गाडी डावीकडे गेली, रस्ता ओलांडून, दोन चाकं गवतात. टँकर कचकन थांबला.

त्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. मला वाटलं आता शिव्या. तर तो म्हणाला, "गुड आफ्टरनून." त्या बेटावर आधी नमस्कार केल्याशिवाय कुणी कुणाशी बोलत नाही, दुकानात शिरलात तरी आधी गुड मॉर्निंग. मग तो म्हणाला, "लेफ्ट, मॅडम. लेफ्ट." बाबांनी त्याला हात वर केला, घाटात समोरच्या ड्रायव्हरला करतात ना तसा, आणि त्यानेही केला. आणि तो गेला.

आणि मी बाबांवर ओरडले.

"स्टिअरिंगला हात लावायचा नाही! कळतं का तुम्हाला? ही तुमची एसटी नाहीये, बाबा. इथलं तुम्हाला काही माहीत नाही, गप्प बसा जरा."

शब्द न् शब्द लक्षात आहे. मागे लेक होता, आई होती. तुम्ही म्हणाल घाबरलेला माणूस ओरडतोच. मीही स्वतःला हेच सांगितलं, बरेच महिने सांगितलं. शिवाय तांत्रिकदृष्ट्या चालत्या गाडीचं स्टिअरिंग शेजारच्याने खेचणं धोक्याचंच असतं, हे कुठलाही इन्स्ट्रक्टर सांगेल. पण हाताचं एक बाजूला ठेवू. "तुम्हाला काही माहीत नाही" हे काय होतं? त्या गाडीत रस्त्याची बाजू माहीत असलेला एकच माणूस होता. आणि "एसटी" हा शब्द मी ज्या सुरात म्हटला तो सूर भीतीचा नव्हता. तो मी जर्सीत कधीतरी कमावला असणार. कॉलेजमध्ये बाबांच्या फॅमिली पासवर फुकट फिरायचे तेव्हा तो नव्हता.

बाबा काही बोलले नाहीत. फ्रेडरिकस्टेडला पोचलो. तिथला लाल किल्ला बघायचा होता, 3 जुलै 1848 ला हजारो गुलाम तिथे जमले आणि गव्हर्नरला त्यांना मोकळं केल्याचं जाहीर करावं लागलं, तो किल्ला. बाबा आत आले नाहीत. धक्क्याजवळ बाकावर बसून राहिले. मी लेकाला पाटीवरचं वाचून दाखवत होते आणि एक अक्षर डोक्यात जात नव्हतं. गाडीकडे परत आलो तेव्हा बाबा मागचं दार उघडून बसले होते. "पाय अवघडतात पुढे," म्हणाले. पाच फूट चार इंच माणूस. आई मुकाट पुढे आली.

मग महोगनी रोड, दोन्हीकडून झाडांनी झाकलेला, सुंदर रस्ता आहे, खरंच सुंदर, आणि मी तो दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून, ताशी वीस मैलांनी चालवला. वाटेत डबाबंद बिअर पिणारी डुकरं आहेत, लेकाला दाखवली, तो हसला पण मघाशी हसला तसा नाही. आणि प्रत्येक वळणाआधी तो मागून म्हणायचा, "मम्मा, लेफ्ट." मला वाटलं किती शहाणं पोरगं, शिकलं बघा. तिसऱ्या-चौथ्या वळणाला मी आरशात बघितलं. वळण आलं की बाबा त्याच्या गुडघ्यावर बोटाने दोनदा टकटक करत होते, आणि मग तो म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी पॉइंट युडॉल, बेटाचं पूर्वेकडचं टोक, तिथे 2000 सालचं दगडी सूर्यघड्याळ आहे, आणि दुपारी सॉल्ट रिव्हर, जिथे 1493 मध्ये कोलंबसची माणसं उतरली आणि तिथल्या लोकांशी चकमक होऊन परत गेली. फोटो सगळे छान आलेत. फोटोत बाबा हसतायत. मी सॉरी म्हटलं का? नाही. त्या संध्याकाळी त्यांना तळलेला मासा आणि जॉनीकेक आणून दिला, तेच आमच्या घरातलं सॉरी.

मग आता तुमचा प्रश्न. स्वतः चालवायची की टॅक्सी करायची? मागच्या वर्षी मला हे कुणी विचारलं तर मी ठणकावून सांगायचे, टॅक्सी करा. का, तर माझं झालं म्हणून. पण माझ्या सांगण्यावर एक जोडपं टॅक्सीने फिरलं आणि चार तासांत बेट उरकून आलं, त्यांना लव्ह बुद्रुक दिसलंसुद्धा नाही. व्हिमला दीड तास रेंगाळणं, मुंगसासाठी थांबणं, हे टॅक्सीने होत नाही. दुसरं एक कुटुंब स्वतः गाडी चालवून फिरलं, काहीसुद्धा झालं नाही, डावीकडचं त्यांना दहा मिनिटांत जमलं म्हणे. म्हणजे दोष बेटाचा नाही. तरी मी लिंक पाठवायला घेतली की तो व्हिमचा टिंब येतो नकाशावर आणि मी फोन ठेवून देते. मूर्खपणा आहे, मान्य. ख्रिश्चनस्टेड, सेंटरलाइन, व्हिम, फ्रेडरिकस्टेड, महोगनी रोड, एक दिवस. दुसऱ्या दिवशी पूर्वेचं टोक आणि सॉल्ट रिव्हर. हा घ्या रूट. व्हिममधून निघताना कुणाशी बोलू नका.

आणि एवढे लोक मला हे का विचारतात? कारण बाबा. नाशिकला कट्ट्यावर, लग्नात, दवाखान्यात रांगेत ते फोन काढून फोटो दाखवतात. "पोरीने अख्खं बेट फिरवलं आम्हाला, स्वतः गाडी चालवून. तिला विचारा, ती रूट देईल." टँकरबद्दल कुणाला बोललेत असं माझ्या कानावर नाही. विसरले असतील, की झाकतायत, की त्यांच्या लेखी ते एवढं नव्हतंच, मी दोन वर्षं ठरवू शकलेले नाही.

परवाच फोन होता. शेजारच्यांचा मुलगा डिसेंबरमध्ये चाललाय तिकडे, त्याला रूट सांग म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, तुम्हीच सांगा ना, तुम्हाला सगळा पाठ आहे."

"मला कुठला पाठ," बाबा म्हणाले, "मी मागे बसलो होतो."

मग म्हणाले, तो मुंगसाचा फोटो डिलीट झालाय माझ्याकडून, परत पाठव.