स्कॅनर आणि सांबा
आज सकाळी ऑफिसात आलो तर स्कॅनर शेअर फोल्डरमध्ये फाइल टाकेचना. कॉम्प्युटरवरून तोच फोल्डर व्यवस्थित उघडतोय, प्रिंटपण निघतायत, अडलंय फक्त स्कॅनिंग. पासवर्ड बघितला, परमिशन बघितल्या, फायरवॉलमधला फाइल शेअरिंगचा ४४५ पोर्ट बघितला, सगळं जागच्या जागी. दुपारी लॉग चाळताना उलगडा झाला. काल रात्री बऱ्याच वर्षांनी सर्व्हर अपग्रेड केला होता, आणि सर्व्हरवरचे फोल्डर नेटवर्कवर शेअर करणाऱ्या सांबा या सॉफ्टवेअरमध्ये ४.११ पासून (म्हणजे २०१९ पासून) एसएमबी १, म्हणजे फाइल शेअरिंगचं जुनं प्रोटोकॉल, मुळातच बंद असतं आणि आमच्या जुन्या स्कॅनरला तेवढंच येतं! (सांबा हे नावपण एसएमबी या अक्षरांवरूनच आलंय.)

कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ टाकली की ते परत चालू होतं, पण २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस विंडोजच्या एसएमबी १ मधल्याच भोकातून पसरला होता, सगळ्यांच्या फाइली ज्या सर्व्हरवर आहेत तिथे असलं जुनं दार उघडायला माझा हात धजेना. मग स्कॅनरसाठी वेगळा युजर काढला, त्याला फक्त स्कॅनचा फोल्डर दिला आणि एफटीपीने (फाइल पाठवायची दुसरी पद्धत) फाइल यायची सोय केली, तीपण फक्त स्कॅनरच्याच आयपीवरून.

संध्याकाळी त्या फोल्डरमध्ये पहिली पीडीएफ येऊन पडली, अगदी सरळ, स्वच्छ पानं. इतकं बरं वाटलं!