रीफ टँकची सफाई गँग, गोव्याच्या उकाड्यासकट

खाऱ्या पाण्याची टाकी लावली की पहिल्या एक-दोन महिन्यांत प्रत्येकाला हा प्रश्न पडतोच, क्लीनअप क्रू, म्हणजे शेवाळ आणि उरलंसुरलं खाणारे छोटे प्राणी, कुठला घेऊ आणि किती घेऊ. आणि दुकानदाराकडे उत्तर तयार असतं, ते म्हणजे पॅकेज. इतके स्नेल (गोगलगायी), इतके हर्मिट क्रॅब (रिकाम्या शंखात राहणारे खेकडे), दोन श्रिंप (कोळंब्या), वर एक स्टारफिश, पिशवीत भरून हातात. माझा या पॅकेजवर काडीचा विश्वास नाही. अमेरिकेतलं जुनं गणित गॅलनला एक प्राणी असं आहे, गॅलन म्हणजे पावणेचार लिटर, म्हणजे माझ्या दोनशे लिटरच्या टाकीत पन्नासच्या वर गोगलगायी! खाणार काय त्या? पहिले पंधरा दिवस काचा लख्ख, मग शेवाळ संपलं की एकेक उपाशी मरायला लागते, आणि मेलेली गोगलगाय जेवढी घाण करते तेवढी शेवाळाने कधीच केली नसती.

तर आधी टाकीत काय उगवलंय ते बघा, मग प्राणी. नव्या टाकीत काचेवर आणि वाळूवर जी तपकिरी भुकटी बसते ते डायटम, म्हणजे एक सूक्ष्म शेवाळ, पाण्यातलं सिलिकेट संपत आलं की ते आपोआप कमी होतात, त्यासाठी गँग मागवायची घाई करू नका. काचेवरचा हिरवा पातळ थर सगळ्याच स्नेलना आवडतो. हिरवं केसाळ शेवाळ मात्र लांब वाढलं की कोणी तोंड लावत नाही, ते आधी स्वतः हात घालून उपटायचं, मग उरलेली खुंटं टर्बो नावाचा स्नेल खातो. लाल-जांभळी बुळबुळीत साय आली तर ते सायनोबॅक्टेरिया, ते खाणारा प्राणी विकायला आहे असं कोणी सांगितलं तर त्याच्याकडून दुसरंही काही घेऊ नका, तिथे पाण्याचा फ्लो आणि फॉस्फेट बघायचं. आणि तपकिरी, शेंबडासारख्या तारा, त्यात हवेचे बुडबुडे, असं दिसलं तर डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव असू शकतात, त्यातले काही विषारी असतात, ते खाऊन स्नेल मरतात. अशा वेळी नवीन स्नेल सोडणं म्हणजे पैसे पाण्यात, अगदी शब्दशः.

अजून एक, ही मंडळी नायट्रेट-फॉस्फेट टाकीबाहेर नेत नाहीत. खातात आणि तिथेच हगतात. बाहेर काढायचं काम स्किमरचं (फेस करून घाण काढणारं यंत्र), पाणी बदलण्याचं आणि तुमच्या हाताचं. एवढं डोक्यात बसलं की अर्धी खरेदी आपोआप रद्द होते.

आता आपल्याकडचा खरा विषय, उकाडा. बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघून लोक मेक्सिकन टर्बो शोधत बसतात, खातो तो भरपूर हे खरंय, पण तो कॅलिफोर्नियाच्या आखातातला, थोड्या थंड पाण्याची सवय असलेला. मार्गारिटा नावाने मिळणारे स्नेल तर सरळ थंड समुद्रातले. आणि इथे मे महिन्यात फोंड्याला घरात बत्तीस-तेहतीस डिग्री, त्यात लाइट गेली की चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) बंद, टाकीचं तापमान चढायला लागतं. समवर (खालच्या फिल्टरच्या टाकीवर) पंखा लावून दोन-तीन डिग्री उतरवता येतात म्हणतात, जानेवारीत उतरतात पण, मेअखेर हवेत एवढा दमटपणा असतो की पाणी उडतच नाही नीट, पंखा नुसता फिरतो. गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी राहतो. म्हणून मी ज्या प्राण्याचं घर उष्ण कटिबंधात नाही त्याच्याकडे बघतच नाही, कितीही कौतुक ऐकलं तरी.

माझी पहिली पसंती ट्रोकस स्नेल. हिंद-प्रशांत महासागरातला, आपल्या तापमानाला सरावलेला, आणि मुख्य म्हणजे पाठीवर पडला तर स्वतः उलटून सरळ होतो. अ‍ॅस्ट्रिया दिसायला साधारण तसाच पण तो कॅरिबियनचा आणि वाळूत उलटा पडला की तसाच पाय हलवत राहतो, तुम्ही ऑफिसात, तोपर्यंत हर्मिट क्रॅब त्याचा फडशा पाडतो. ट्रोकस टाकीत पिल्लंही देतो, एक दिवस काचेवर मोहरीएवढे शंकू दिसले की समजायचं. रात्री टाकीचे दिवे गेल्यावर टॉर्च मारून काचेच्या बाहेरून बघा, त्याचं तोंड उघडतं, आतून खरखरीत जीभ बाहेर येते, काच चाटते, परत आत, डोकं जरा डावीकडे, परत चाटणं, जरा उजवीकडे. सकाळी हिरव्या थरावर नागमोडी पट्टा उठलेला असतो, एकेक चाटा वेगळा मोजता येईल इतका स्वच्छ. आमची आई पहिल्यांदा म्हणाली होती "शी, काय ते", आता पाहुणे आले की तीच त्यांना टॉर्च देते.

मला हमखास विचारतात, अरे समुद्र दाराशी आहे, विकत कशाला घेतोस, हणजुण्याच्या किंवा दोनापावलच्या खडपांवर ओहोटीला ढीगभर शंख चिकटलेले असतात. असतात ना. त्यातले गोल गुळगुळीत नेराइट शेवाळच खातात, पण त्यांचा जन्म भरती-ओहोटीच्या पट्ट्यात गेलेला, ते टाकीतही पाण्याच्या वर चढतात, झाकण नसेल तर सकाळी सोफ्याखाली सापडतात. आणि त्यांच्या शेजारी बसलेला जाडजूड, गाठीगाठीचा शंख थाइस असला तर तो शिकारी, कालवांना आणि बार्नॅकलना भोकं पाडून खाणारा. शंखाचं तोंड बघायचं. ट्रोकस, टर्बो, नेराइट यांच्या तोंडाची कड अखंड असते, कुठे खाच नाही. कडेला खाच किंवा पन्हळ दिसली की सावध, तिथून सोंड बाहेर काढून वास घेत फिरणारा बहुतेक वेळा मांसाहारी. बहुतेक वेळा म्हणतोय कारण सेरिथलाही छोटी पन्हळ असते आणि तो बिचारा शेवाळ आणि कचरा खातो, वाळूत रात्री नांगरत फिरतो, चार-पाच असावेतच.

आणि नॅसॅरियस. हा मांसाहारी, पण मेलेलं खाणारा, जिवंताला हात लावत नाही. शेवाळाच्या नावाने त्याला विकतात ते चूक, काचेवर तो तुम्हाला साफसफाई करताना दिसणार नाही. दिवसभर वाळूत गाडलेला, वर फक्त सोंडेचं टोक. मजा बघायची तर सुंगटाचा (कोळंबीचा) बारीक तुकडा टाका. (फोंड्याच्या मार्केटात मासळीवाली मला दरवेळी विचारते, "बाब, इतलींच?" कारण मी दोनच सुंगटं मागतो. आता ती पैसेच घेत नाही.) तुकडा तळाला टेकायच्या आत वाळू इथे तिथे फुटते आणि सगळे एकाच वेळी वर येऊन सोंडा हलवत धावत सुटतात, गोगलगाय धावते हा शब्दप्रयोग मी जबाबदारीने करतोय. यांचा खरा उपयोग गणेश चवथीला. आम्ही सगळे घर बंद करून मूळ गावी जातो, मासे काही दिवस उपाशी राहू शकतात त्याची चिंता नाही, पण दगडामागे एखादा जीव मेला आणि कुजला तर अमोनिया वाढून परत येईपर्यंत सगळंच संपलेलं असू शकतं. नॅसॅरियस असले की मेलेला मासा फार काळ पडून राहत नाही.

हर्मिट क्रॅबबद्दल माझं मत फार चांगलं नाही. काम करतात, उरलंसुरलं खातात, पण शंख आवडला की आतल्या मालकाला मारून शंख ताब्यात घेतात. ठेवायचेच असतील तर दोन-तीन, निळ्या पायांचे छोटे, आणि त्यांच्या मापाचे थोडे मोठे रिकामे शंख टाकीत विखरून ठेवा. तरी खून होतात.

एमराल्ड क्रॅब फक्त बुडबुड्यांसारखं हिरवं शेवाळ आलं असेल तरच, लहान असेपर्यंत गुणी, मोठा झाला की झोपलेल्या माशाकडे बघायला लागतो. पेपरमिंट श्रिंप एप्टेशिया (टाकीत तणासारखा पसरणारा समुद्रफूल) खातो म्हणून घेतात, त्यात आपल्याकडे एक घोळ होतो, त्याच नावाने कॅमल श्रिंप गळ्यात मारला जातो. कॅमलच्या पाठीला कुबड, लाल पट्ट्यांमध्ये पांढरे ठिपके, आणि पुढची चोच वरखाली हलते. खरा पेपरमिंट पारदर्शक, त्यावर बारीक लाल उभ्या रेषा. कॅमल आला की झोएंथस आणि मशरूम कोरल (टाकीत वाढवायचे प्रवाळासारखे जीव) कुरतडायला सुरुवात, आणि तुम्ही पाण्याच्या टेस्ट करत बसता.

वाळू चाळणारी स्टारफिश सुंदर दिसते पण छोट्या टाकीत वाळूतले जीव खाऊन संपवते आणि मग हळूहळू उपाशी मरते. मी घेत नाही. समुद्रकाकडी तर विचारूच नका, वन्यजीव कायद्यात 2001 मध्ये सगळ्याच समुद्रकाकड्या शेड्यूल एकमध्ये घातल्या गेल्या, म्हणजे वाघाच्या रांगेत. कोणी "सर, एक पीस आहे, गुपचूप देतो" म्हणालं तरी नाही म्हणा. शिवाय ती पंपात अडकली की विष सोडते ते वेगळंच.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्राचं नळाचं पाणी प्यायला ठीक, टाकीला नाही, आरओ-डीआय (पाण्यातले क्षार काढणारा फिल्टर) लावाच, विहिरीचं तर आणखी नको. माशांच्या औषधातलं तांबं या सगळ्या मंडळींना मारतं, आजारी मासा वेगळ्या टाकीत काढूनच औषध द्यायचं. आणि पावसाळ्यात मिरामारहून कॅन भरून आणायचा विचार असेल तर मांडवीच्या मुखाशी त्या दिवसांत किती गोडं पाणी मिसळलेलं असतं ते रिफ्रॅक्टोमीटरने (खारटपणा मोजायचं यंत्र) एकदा मोजा, टाकीला 1.025 एवढी घनता लागते.

स्नेल क्षारतेच्या बदलाला माशांपेक्षा जास्त नाजूक. पार्सल रात्रीच्या बसने येतं, सकाळी उघडलं की पिशवीतलं पाणीही एकदा मोजा, बऱ्याचदा ते तुमच्या टाकीपेक्षा हलकं, म्हणजे कमी खारट असतं. बारीक नळीला गाठ मारून थेंबथेंब टाकीचं पाणी पिशवीत सोडायचं, तास-दीड तास, घाई नको. मग स्नेल हाताने दगडावर नीट पायावर ठेवायचे, वरून सोडून द्यायचे नाहीत. तासाभरात बहुतेक चालायला लागतात. एखादा दुसऱ्या दिवशीही हलला नाही तर उचलून वास घ्या. जिवंत असेल तर झाकण घट्ट ओढून घेतो. मेला असेल तर नाकाला लगेच कळतं, तो तेवढ्याच चपळाईने बाहेर काढा.

माझ्याकडे सध्या सहा ट्रोकस, चार सेरिथ, पाच नॅसॅरियस आणि एक म्हातारा टर्बो आहे, बस्स. काच आठवड्यातून एकदा मी स्वतः मॅग्नेटच्या ब्रशने पुसतो. शेवाळ कमी पडतंय असं वाटलं की सुशीवाली नोरीची (वाळवलेल्या समुद्री शेवाळाची) पट्टी दगडाला रबर बँडने बांधतो. म्हापशाकडे कोणाच्या टाकीत ट्रोकसची पिल्लं झाली असतील तर खाली कमेंट टाका, बदल्यात झोएंथसचा फ्रॅग (कापलेला तुकडा) देईन, हिरवा आहे, नारिंगी अजून वाढायचाय.